अठरा टनाचं कोटेशन आणि आमची अभ्यासिका

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी आधी सरळ नाही म्हणाले होते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी म्हणजे अर्धं आजीकडून आलेलं आणि अर्धं पीएमटीच्या बसमध्ये ऐकलेलं. (आता पीएमपीएमएल म्हणायचं, पण आजी अजून पीएमटीच म्हणते.) पण विषय हॉस्टेलच्या अभ्यासिकेचा आहे आणि तिथे काय चाललंय हे मेसमध्ये रोज चार जणी विचारतात. म्हटलं, एकदाच लिहून टाकू.

तर मित्रमैत्रिणींनो, ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलींच्या हॉस्टेलची अभ्यासिका सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. लांबी ६० फूट, रुंदी ३० फूट, उंची ११ फूट. डोक्यावर थेट टेरेस, पश्चिमेला ओळीने सात खिडक्या. एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमकं पीएल आणि परीक्षेच्या दिवसांत, दुपारी तीननंतर तिथे बसणं म्हणजे मेसच्या तव्यावर बसणं. पंखे होते, पण ते गरम हवा फक्त इकडून तिकडे करायचे. गेल्या मे महिन्यात एक ज्युनियर मुलगी तिथेच चक्कर येऊन पडली. तिचे आई-बाबा गावाहून आले, ऑफिसमध्ये बरंच बोलणं झालं आणि मग रेक्टर मॅडमनी एसीचं कोटेशन मागवलं.

कोटेशन देणारे गृहस्थ आले, दारात उभे राहिले, पावलांनी खोली मोजली आणि म्हणाले, "अठराशे स्क्वेअर फूट. अठरा टन लागणार." एकूण वेळ पाच मिनिटं. दर शंभर चौरस फुटाला एक टन, हा त्यांचा हिशोब. त्यांना दोष देत नाही, बाजारात सगळे असंच करतात. पण आकडा पाहून मीटिंगमध्ये सगळे गप्प झाले. मशीनचा खर्च एकदाच होतो, विजेचं बिल दर महिन्याला येतं, आणि ते हॉस्टेलच्या फीमध्ये टाकावं लागेल असं स्पष्ट सांगण्यात आलं. माझ्या रूममेटची फी तिचे वडील दोन हप्त्यांत भरतात. ती म्हणाली, "मला उकाडा चालेल, पण बाबांना हे नको सांगायला."

एचओडी सरांनी मला बोलावलं, कारण सुट्टीत मी हडपसरमध्येच एका एचव्हीएसी कन्सल्टंटच्या ऑफिसात ट्रेनिंग केलं होतं. "तू तिकडे सॉफ्टवेअर शिकलीस ना? मग काढ बघू आपल्या अभ्यासिकेचं." म्हणाले इतकं सहज, जसं काही झेरॉक्सच काढायची होती.

आधी हा टन काय ते सांगते, कारण मीही सुरुवातीला मशीनचं वजन समजले होते. पूर्वी थंडावा बर्फाने विकला जायचा. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता खेचून घेतो, तो एक टन. ताशी १२,००० बीटीयू, आपल्या एककात साधारण साडेतीन किलोवॅट. म्हणजे १८ टन याचा अर्थ अभ्यासिकेत रोज अठरा टन बर्फ आणून ठेवल्यासारखं. एवढी उष्णता तिथे येते तरी कुठून, हाच खरा प्रश्न आणि तो कोणी विचारलाच नव्हता.

या कामाला दोन प्रकारची सॉफ्टवेअर लागतात. एक हिशोब करणारं, दुसरं चित्र काढणारं. हिशोबासाठी आमच्या ऑफिसात कॅरिअर कंपनीचं हॅप होतं, शिवाय 'ई-ट्वेंटी' नावाची जुनी शीट, जी पूर्वी कागदावर भरायचे आणि आता एक्सेलमध्ये भरतात. चित्रासाठी ऑटोकॅड, आणि थ्रीडीसाठी रेव्हिट. ऑटोकॅड पहिल्यांदा आलं १९८२ मध्ये. त्याआधी सगळं ड्रॉइंग बोर्डवर. ऑफिसातले ड्राफ्ट्समन काका बोर्डवरून कॉम्प्युटरवर आलेले. त्यांच्या टेबलावर अजून पुठ्ठ्याची गोल फिरणारी चकती असते. एका खिडकीत हवेचं प्रमाण जुळवलं की दुसरीकडे डक्टचं माप दिसतं. मी माऊस शोधेपर्यंत त्यांचं माप सांगून झालेलं असायचं.

आता माझी पहिली घोडचूक. आपल्याला जर्नल कॉपी करायची सवय (कोणी नाही म्हणू नका). मी ऑफिसातली एक जुनी फाइल उघडली, नाव बदललं आणि त्यातच अभ्यासिकेची मापं भरली. बाहेरून येणाऱ्या ताज्या हवेचाच भार आला ४ टन. ऐंशी मुली बसणार, त्यांना श्वासासाठी मिनिटाला साधारण ६१६ घनफूट हवा बाहेरून घ्यावीच लागते, त्यामुळे मला आकडा बरोबरच वाटला. मी प्रिंट काढून सरांपुढे ठेवली. त्यांनी वरची एक ओळ पाहिली आणि विचारलं, "तुमचं कॉलेज दादरला कधी गेलं?"

जुनं काम मुंबईचं होतं. शहर बदलायचं राहून गेलेलं.

वाटेल, मुंबई आणि पुणे, फरक कितीसा? इथे खूप आहे. आपल्या धंद्यातल्या तक्त्यांत मुंबईचा उन्हाळा ३५ अंश सेल्सियसच्या आसपास धरतात आणि पुण्याचा ४० च्या. म्हणजे पुणे जास्त गरम. पण मुंबईच्या हवेत पाणी ठासून भरलेलं, आणि ते पाणी काढून टाकायला मशीनला हवा थंड करण्याइतकीच, कधी कधी त्याहून जास्त मेहनत पडते. पुण्याचं एप्रिलमधलं ऊन भाजतं पण हवा कोरडी असते. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, त्यामुळे हवा सहा-सात टक्के विरळ. पुस्तकातलं सूत्र समुद्रसपाटीचं असतं, त्यातला १.०८ चा आकडा आपल्याकडे १.०१ होतो. हे सगळं बदलून पुन्हा चालवलं तर ४ टनाचे झाले २.१. एका ओळीत जवळजवळ दोन टन वाचले, तेही एकही वीट न हलवता. सॉफ्टवेअरने मात्र दोन्ही वेळा तितक्याच ऐटीत उत्तर दिलं होतं.

बाकीचे आकडे असे आले. माणसं ३ टन. अभ्यास करणारी एक मुलगी ताशी साधारण ४५० बीटीयू उष्णता सोडते, निम्म्याहून थोडी जास्त अंगाच्या गरमीतून आणि उरलेली घाम-श्वासाच्या वाफेतून. (व्हायवाच्या आदल्या रात्री जास्त सोडत असावी, पण तसा तक्ता नाही.) दिवे अर्धा टन. भिंती ०.७ टन. पश्चिमेच्या खिडक्या २.२ टन. आणि छप्पर २.८ टन. एकूण ११.३. म्हणजे अठराचे आधीच सव्वाअकरा झाले होते.

छपराकडे मी बघतच बसले. नुसती स्लॅब, वर वॉटरप्रूफिंगचा ब्रिकबॅट कोबा. गंमत म्हणजे ऊन डोक्यावर असतं दुपारी बाराला, पण सॉफ्टवेअरच्या तासागणिक तक्त्यात छपराचा भार सगळ्यात जास्त दिसत होता संध्याकाळी. कारण काँक्रीटला तापायला वेळ लागतो. वरची उष्णता झिरपत झिरपत खालच्या बाजूला पोचायला पाच-सहा तास जातात. सूर्य मावळला तरी स्लॅब दिवसभराचा साठा खाली सोडतच राहते. आपण रात्री नऊला म्हणतो ना, "अगं, आता तर ऊन पण नाही, मग एवढं का उकडतंय?" ते दुपारचंच ऊन असतं, उशिरा पोचलेलं. संध्याकाळी पाचला चौरस फुटामागे ताशी साधारण १९ बीटीयू, आणि अठराशे चौरस फूट. करा गुणाकार.

मग मी छपरावर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या छपरावर, इन्सुलेशनचा एक थर टाकून पाहिला. टेरेसवर फोमचा थर, त्यावर स्क्रीड, त्यावर पांढरी चायना मोझॅक. छपराचा भार २.८ वरून अर्ध्या टनाच्याही खाली आला. सॉफ्टवेअरचा खरा फायदा मला इथे कळला. हातानेही हा हिशोब होतो, काका करतातच. पण "असं केलं तर?" हा प्रश्न हाताने दहा वेळा विचारायचा कंटाळा येतो. इथे थर बदला, रंग बदला, खिडकी बदला, आणि बारा महिन्यांचे चोवीस तास परत मोजून हातात.

आता खिडक्या. माझी पहिली आयडिया होती, खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढू. रेव्हिटमध्ये पुणे शहर निवडून सूर्याचा मार्ग लावला आणि १५ मेची दुपारी साडेचारची वेळ टाकली. छज्जाची सावली खिडकीच्या जेमतेम वरच्या भागावर, बाकी ऊन सरळ आत, तिसऱ्या रांगेतल्या बाकापर्यंत. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आपण शून्य सावलीचा दिवस म्हणून ग्राउंडवर काठी रोवून फोटो काढतो तोच. त्यानंतर तो थोडा उत्तरेकडे सरकून मावळतो. संध्याकाळी तो इतका खाली असतो की आडवा छज्जा त्याला अडवूच शकत नाही. तिथे पाहिजेत लूव्हर, खिडकीच्या बाहेर उभ्या किंवा तिरक्या पट्ट्या.

याचं उदाहरण आपल्याच हडपसरमध्ये आहे. मगरपट्ट्याजवळ सुझलॉनसाठी बांधलेलं 'वन अर्थ' संकुल. आर्किटेक्ट क्रिस्टोफर बेनिंजर, जे अमेरिकेतून येऊन पुण्यातच स्थायिक झाले आणि २०२४ मध्ये गेले. २००९ मध्ये ते बांधून झालं आणि लीड प्लॅटिनम आणि गृहाचे पाच तारे, दोन्ही मानांकनं त्याला मिळाली. पवनचक्क्या आणि सोलर पॅनेल आवारातच आहेत, त्याचंच सगळ्यांना कौतुक. मला मात्र फोटोंमध्ये सगळ्यात आवडले ते अॅल्युमिनियमचे लूव्हर. इमारती बुटक्या, आणि काचेच्या बाहेर लूव्हरचा पडदा, ज्यातून उजेड येतो पण ऊन अडतं. ऊन काचेच्या बाहेर अडवलं तर ते बाहेरच राहतं. आपण आतून पडदा लावतो तेव्हा ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं, पडदा तापतो आणि ती गरमी खोलीतच राहते. आपल्या अभ्यासिकेला वन अर्थचं बजेट कोण देणार! पण सात खिडक्यांना पत्र्याच्या तिरक्या पट्ट्या आपल्या वर्कशॉपमध्येही बनतील. त्या टाकल्यावर आणखी १.२ टन कमी. एकूण आता ७.७.

हीटिंगचं काय, असं एका परीक्षकांनी मला सेमिनारमध्ये विचारलं होतं. पुण्याचा जानेवारी रात्री कडक असतो, दहाच्या खाली जातो, पण ऐंशी मुली ज्या खोलीत बसल्यात तिला शेगडी लागत नाही. आपल्याकडे गरम करण्याची गरज वेगळ्या ठिकाणी पडते, ऑपरेशन थिएटर किंवा औषधाच्या कारखान्यात. तिथे हवेतलं पाणी काढण्यासाठी ती गरजेपेक्षा जास्त थंड करतात आणि मग परत थोडी तापवतात. विचित्र वाटतं, पण दमटपणावर ताबा ठेवायचा तर तसंच करावं लागतं.

दमटपणावरून जुलै आठवला. सरांनी मला विचारलं होतं, "समजा पैसे आहेत, बिलाची चिंता नाही, मग अठरा टनच का नको?" मी म्हटलं, जास्त थंड होईल, चांगलंच की. ते म्हणाले, जुलै लावून बघ. जुलैमध्ये पुण्यात ऊन नाही, छप्पर तापत नाही, पण हवा ओली चिंब. मोठं मशीन सुरू झालं की चार-पाच मिनिटांत खोली पुरेशी थंड होते आणि कॉम्प्रेसर बंद पडतो. पण हवेतलं पाणी कॉइलवर जमून ट्रेमध्ये उतरायला कॉम्प्रेसर बराच वेळ सलग चालावा लागतो. म्हणजे खोली थंड पण घामट, बाकं चिकट, आणि कपाटातल्या पुस्तकांना बुरशी. मला हे आधी पटेना. मग कळलं की विलिस कॅरिअरने १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जी पहिली यंत्रणा आखली, ती माणसांसाठी नव्हतीच. छापखान्यात दमटपणामुळे कागद फुगायचा, आकसायचा आणि रंग एकमेकांवर बसायचे नाहीत, म्हणून होती. म्हणजे या सगळ्या शास्त्राची सुरुवातच हवेतल्या पाण्यापासून झाली.

आता डक्ट. हा भाग मी थोडक्यात सांगणार होते, पण माझी दुसरी फजिती इथेच आहे.

हवा किती लागेल ते ठरलं की मुख्य डक्टचं माप निघतं. छप्पर आणि खिडक्या सुधारायच्या आधीच्या हिशोबाने मिनिटाला ४,७०० घनफूट हवा लागत होती, डक्ट आला २४ बाय २० इंच. मी ऑटोकॅडमध्ये प्लॅनवर झकास काढला. खोलीच्या मधोमध, दोन्ही बाजूंना फांद्या, टोकाला डिफ्यूझर. रंग वेगळे, लेयर वेगळे, टायटल ब्लॉकमध्ये माझं नाव. मैत्रिणींना मोबाईलवर पण दाखवला. काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "बाळा, बीम कुठाय?"

प्लॅन म्हणजे वरून बघणं. वरून बघताना डक्ट बीमच्या खालून जातो की पोटातून, हे कळतच नाही. मी टेप घेऊन परत अभ्यासिकेत गेले, स्टुलावर चढून मोजलं. बीम १८ इंच खोल. म्हणजे बीमची खालची बाजू जमिनीपासून साडेनऊ फुटांवर. फॉल्स सीलिंग आठ फुटांच्या खाली नेता येत नाही, नाहीतर पंखे आणि उंच मुली दोघांचीही पंचाईत. राहिली जागा १८ इंच. माझा डक्ट २० इंच, वर-खाली एकेक इंच इन्सुलेशन धरून २२. रेव्हिटमध्ये बीम टाकून मॉडेल फिरवलं तर डक्ट बीममधून आरपार. मोठ्या प्रकल्पांत असे शेकडो धक्के निघतात. डक्टला पाण्याचा पाइप, पाइपला केबल ट्रे. साइटवर ते लक्षात आलं तर तयार पत्रा भंगारात जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे कोणीतरी छिन्नी घेऊन बीमला भोक पाडायला निघतं. थ्रीडीवर लोक एवढा खर्च करतात तो चित्र छान दिसतं म्हणून नव्हे.

पण बघा, भार कमी झाला की हवाही कमी लागते. छप्पर आणि लूव्हर धरून हिशोब केला तर मिनिटाला २,६०० घनफूट, आणि डक्ट २४ बाय १३. इन्सुलेशनसकट १५ इंच. अठरा इंचांत बसला, वर हँगरला आणि सीलिंगच्या फ्रेमला तीन इंच उरले. काकांनी चकती फिरवून माप ताडून पाहिलं. "जमलं," एवढंच म्हणाले आणि चहा मागवला. टेरेसवर टाकलेल्या फोमने डक्टचा प्रश्न सोडवला, हे मला कोणत्याही लेक्चरमध्ये कळलं नसतं.

शेवटी डिफ्यूझर. पहिल्या डिफ्यूझरला भसाभस हवा आणि शेवटच्याला फुंकर, असं होऊ नये म्हणून प्रत्येक फांदीवर डँपर ठेवलेत. ते बसवल्यानंतर मोजून लावावे लागतात, ते काम सॉफ्टवेअर करत नाही. नाहीतर काय होतं ते आपण कॉम्प्युटर लॅबमध्ये पाहतोच. ग्रिलखाली बसणारा मुलगा त्यावर 'सकाळ'चं पान चिकटवतो.

ड्रॉइंग आणि शीट रेक्टर मॅडमना दिली. मीटिंगमध्ये बराच वाद झाला. छपराचा खर्च कशाला, एसी मागितला होता, असं एक सर म्हणाले. मी टनाला साधारण सव्वा किलोवॅट धरून दोन्ही मशीनांची वीज फळ्यावर लिहिली. अठरा टनाला साडेबावीस किलोवॅट, साडेआठ टनाला साडेदहा. (७.७ टनाचं मशीन बाजारात मिळत नाही, डक्टेबलमध्ये पुढचं माप साडेआठचं.) त्यानंतर फार कोणी बोललं नाही. टेरेसचं काम दिवाळीच्या सुट्टीत उरकलं. लूव्हर वर्कशॉपमध्ये चालू आहेत, सातपैकी चार झाले. साडेआठ टनाचं नवीन कोटेशन मागवलंय, ते अजून आलेलं नाही. फीबद्दल ऑफिसने लेखी काही दिलेलं नाही, पण रेक्टर मॅडम म्हणाल्या की आधीचा आकडा आता कोणी काढत नाही. रूममेटने ते वाक्य माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

मुलांच्या हॉस्टेलची अभ्यासिका तळमजल्यावर आहे, तिचा हिशोब अगदी वेगळा निघेल. तिकडून कोणाला करायचा असेल तर रेव्हिट विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, ई-ट्वेंटीची शीट माझ्याकडे आहे. शहर पुणे टाकून ठेवलंय. फक्त येताना खोलीची आणि बीमची मापं घेऊन या.